दहाची सुकती

या पोरांनो, बसा असे जवळ, कंदिलाची वात जरा वर करा. आज तुम्हाला अशा एका गावाची गोष्ट सांगतो जिथला समुद्र दिवसातून दोनदा गाव सोडून पार किलोमीटरभर लांब जातो, दोनदा परत येतो, आणि त्याच्या येण्याजाण्यावर गावातल्या चुली पेटतात, विझतात. गावाचं नाव पाजे, आफ्रिकेच्या पूर्वेला झांझिबारचं जे मोठं बेट आहे ना, त्याच्या उगवतीच्या किनाऱ्यावरचं. पोटापाण्यासाठी मी काही काळ त्या मुलखात होतो, आणि सुट्टीचा दिवस आला की माझे पाय आपसूक पाजेकडे वळायचे. वाळू पांढरीशुभ्र, कारण तिच्यात प्रवाळाचा चुरा, आणि माडांची दाटी अशी की गुहागर-हर्णैच्या माणसाला परकं वाटायचं कारणच नाही.

पण परकी होती ती वेळ. आपल्या कोकणातला जुना खलाशी काय करतो, तिथी घेतो, तिची पाऊणपट करतो आणि भरतीची वेळ सांगून मोकळा होतो. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असली तर आठ पाऊण सहा. ही पाऊणकी काही उगाच आलेली नाही. चंद्र रोज पाऊण तासाहून किंचित जास्तच उशिरा येतो, आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. पुनवेला-अवसेला चंद्र आणि सूर्य एका ओळीत ओढतात म्हणून उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ आडवी-उभी होते आणि पाणी मंदावतं, त्याला आपण भांग म्हणतो. आता पाजेत पाहिलं तर चंद्र तोच, तिथी तीच, रोजची पाऊणकीही तीच, पण आपल्याकडे पुनवेची भरती बाराच्या आसपास, तर तिथं चारच्या सुमाराला. सबंध चार तासांचा फरक!

याचं कारण मोठं मौजेचं आहे. आपल्याला वाटतं चंद्र डोक्यावर आला की त्याच्याखाली पाणी फुगत असेल. तसं सरळ होत नाही. महासागराला काठ आहेत, मध्ये बेटं आहेत, तळ कुठं खोल कुठं उथळ, म्हणून काठोकाठ पाणी भरलेली परात उचलून चाललं की ते कसं हिंदकळत या काठावरून त्या काठाला जातं, तसं चंद्राच्या ओढीनं समुद्राचं पाणी फिरतं, आणि प्रत्येक किनाऱ्याची पाळी ज्याच्या त्याच्या वेळेला येते.

आणि यातूनच पाजेचं नशीब उघडलं बघा. भरती चारला, म्हणजे सुकती, अर्थात ओहोटी, सव्वासहा तास आधी किंवा नंतर, दहाच्या सुमाराला. उधाणाला पाणी तीन-चार मीटर चढतं तसं तेवढंच उतरतं, आणि ते उतरतं भर उजेडात, सकाळच्या दहाला, दर पंधरवड्याला. आपल्या बायकांना कालवं-तिसऱ्यांसाठी उधाणाच्या सुकतीला पहाटे-पहाटेच खडपावर उतरावं लागतं. तिथल्या बायका चहा घेऊन, पोरं शाळेला धाडून निघतात.

काय करायला? तर समुद्रात शेती! 1989 सालापासून पाजे आणि शेजारच्या जाम्बियानीला बायकांनी समुद्रशेवाळाची लागवड धरली. वाळूत काठ्या रोवायच्या, दोऱ्या ताणायच्या, दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे, आणि सहाएक आठवड्यांनी कापणी. वाळवलेलं शेवाळ परदेशी जातं, आणि त्यातून निघणारा चिकट पदार्थ टूथपेस्टमध्ये, आइस्क्रीममध्ये घट्टपणा आणतो. अलीकडे उथळ पाणी तापतंय, त्यामुळे चांगला भाव मिळणारी एक जात तिथं धड टिकत नाही, आणि त्या बायकांच्या कष्टाला बसलेला हा फटका ऐकून माझा जीव आजही कळवळतो.

मला हे सगळं शिकवलं एका म्हातारीनं. तिकडे आजीला बीबी म्हणतात, आणि वडीलधारं माणूस दिसलं की 'शिकामू' म्हणून नमस्कार करायचा, मग ते प्रसन्न होऊन 'मराहबा' म्हणतात. बीबी मला म्हणाली, उद्या चारला ये. आता चारला तर पाणी गळ्याएवढं! पण तिकडे तास मोजतात ते सूर्य उगवल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे चार म्हणजे आपले दहा.

दहाला पोहोचलो, तर बीबीच्या हातात एक टोकदार काठी. प्रवाळाच्या खडकात बीळ दिसलं की ती थांबायची, आणि तोंडाशी शिंपल्यांचा ढीग असला की हळूच म्हणायची, प्वेझा. म्हणजे ऑक्टोपस. खेकडे-शिंपले खाऊन टरफलं दारातच टाकतो म्हणून सापडतो बिचारा. त्याला तीन हृदयं, आणि रक्त निळं, कारण त्यात लोहाच्या जागी तांबं. मादी अंडी घातल्यावर खाणंपिणं सोडून राखण करत बसते, आणि पिल्लं बाहेर पडली की थोड्याच दिवसांत मरते. हे जाणून झांझिबारच्या काही गावांनी काही महिने खडक बंद ठेवायची रीत घातली आहे, प्वेझांना वाढायला उसंत मिळावी म्हणून.

पोरांनो, उद्या तुम्ही कुठंही समुद्रकाठी नोकरीला गेलात, तर हॉटेलं पाहण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून पाण्याची वेळ शिकून घ्या. गाव आपलं म्हणायला मग फार दिवस लागत नाहीत. आता करा हिशेब: तृतीया असली तर तीन पाऊण सव्वादोन, पाजेत चार तास पुढं, म्हणजे सव्वासहाला भरती. मग सुकती किती वाजता, आणि बीबीच्या मोजणीत ते किती झाले?