वेधशाळा नुसती उभी राहून चालणार नाही

उज्जैनला पाहुणे आले की आपण त्यांना महाकाल, हरसिद्धी, काळभैरव, सांदीपनी आश्रम दाखवतो. वेळ उरला तर जयसिंहपुऱ्यातली वेधशाळा. तिथे दहा मिनिटे फिरून, दोन फोटो काढून मंडळी परततात. यंत्रे काय सांगतात हे फार थोडे जण विचारतात. म्हणून या अंकात आम्ही वेधशाळेची माहिती देत आहोत. अशी जागा जपायची म्हणजे नेमके काय करायचे, हेही त्यातून कळेल.

सवाई जयसिंह (१६८८–१७४३) हे जयपूरचे राजे आणि काही काळ माळव्याचे सुभेदार होते. गणित आणि ज्योतिष यांचा त्यांचा अभ्यास मोठा होता. त्यांनी दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथे वेधशाळा बांधल्या. पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, खुणा बारीक पडतात, म्हणून वेध चुकतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यावर त्यांनी उपाय काढला तो दगड-चुन्याच्या मोठ्या, न हलणाऱ्या यंत्रांचा. सम्राट यंत्र ही त्यांचीच कल्पना मानली जाते. त्या अर्थाने आपली वेधशाळा ही एका संशोधक राजाची प्रयोगशाळाच आहे.

संशोधकांच्या जागा जपण्याची पद्धत जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत थॉमस एडिसन यांचे न्यू जर्सीतील घर आणि १८८७ साली सुरू झालेली वेस्ट ऑरेंजची प्रयोगशाळा ही दोन्ही १९६२ पासून एकत्र राष्ट्रीय स्थळ म्हणून सांभाळली जातात. त्यांची त्याआधीची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा मात्र पडझडीला आली होती. हेन्री फोर्ड यांनी तिचे उरलेसुरले साहित्य मिशिगन राज्यात नेले आणि १९२९ मध्ये ती तिथे पुन्हा उभी केली. ती मूळ गावापासून शेकडो मैल दूर असली तरी पाहणाऱ्याला एडिसन यांचे काम समजते.

उज्जैनच्या वेधशाळेचे असे करता येणार नाही. सम्राट यंत्राची मधली तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. तिचा जमिनीशी होणारा कोन आपल्या गावच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंश १० कला ठेवलेला आहे. हेच यंत्र जसेच्या तसे जयपूरला नेले तर तिथला अक्षांश जवळजवळ २७ अंश असल्याने कोन पावणेचार अंशांनी चुकेल आणि सावली खोटी वेळ सांगेल. जागा हा या यंत्राचा एक भागच आहे.

आता मुलांनी थोडे गणित करावे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना गोलाकार पट्ट्या आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या पट्टीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. पट्टीची त्रिज्या नऊ फूट धरली तर एक अंश म्हणजे सुमारे ४.८ सेंटिमीटर, आणि एक मिनिट म्हणजे १.२ सेंटिमीटर. दुरुस्ती करताना भिंतीच्या कडेला बाजूने फक्त सहा मिलिमीटर गिलावा जास्त चढला, तर मध्यान्हाच्या सुमारास अर्ध्या मिनिटाची चूक होते. घराच्या भिंतीला तेवढ्याने काही बिघडत नाही, पण इथे यंत्र बिघडते. त्यामुळे वेधशाळेच्या डागडुजीला गवंड्याबरोबर गणित जाणणाराही लागतो.

असा माणूस उज्जैनला एकदा लाभला होता. जयसिंहांनंतर वेधशाळेकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. विल्यम हंटर या स्कॉटिश डॉक्टरने तिचे वर्णन लिहिले, ते १७९९ मध्ये छापले गेले; पण दुरुस्ती झाली ती सव्वाशे वर्षांनी. पंडित नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या आग्रहावरून महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये जीर्णोद्धार करवला. आपटे पहिले अधीक्षक झाले. भिंती नीट झाल्या म्हणून ते थांबले नाहीत. वेध घेण्याचे काम पुन्हा सुरू झाले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९३७ मध्ये शंकु यंत्र बांधले गेले, आणि १९४२ पासून वेधशाळेचे ग्रहस्थितीचे पंचांग निघू लागले. आज ही वेधशाळा मध्य प्रदेशच्या शालेय शिक्षण विभागाकडे आहे, म्हणजे ती विद्यार्थ्यांचीच आहे.

उलट उदाहरण मथुरेचे. तिथली वेधशाळा किल्ल्यात होती. १८५७ च्या थोडे आधी ती इमारत एका ठेकेदाराला विकली गेली आणि त्याने सामानासाठी ती पाडली. पाच वेधशाळांपैकी आज चारच उरल्या आहेत. कुणाच्याच उपयोगाची न राहिलेली इमारत लोकांना दगड-विटांचा ढीग वाटू लागते, हे मथुरेवरून शिकण्यासारखे आहे.

आपल्या वेधशाळेला आज तशी भीती नाही. पण शहर वाढते आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि बांधकामे चालली आहेत. सूर्य-ताऱ्यांच्या वेधाला मोकळे आकाश लागते. शेजारी उंच इमारत उठली किंवा झाड फार वाढले तर पट्टीवर सावली पडेल ती इमारतीची. खुणांवर नावे कोरणे आणि मुलांना पट्ट्यांवर घसरू देणे यानेही नुकसान होते, आणि तेवढे थांबवणे तर आपल्याच हातात आहे.

म्हणून आमची सूचना अशी. वर्षातून चार दिवस, २१ मार्च, २१ जून, २३ सप्टेंबर आणि २२ डिसेंबर, किंवा त्यांच्या जवळच्या सोयीच्या दिवशी, वरच्या वर्गांना वही-पेन्सिल घेऊन वेधशाळेत न्यावे. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास नाडीवलय यंत्रावरचे ऊन एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर जाते. डिसेंबरात शंकूची मध्यान्हीची सावली सर्वांत लांब पडते. जूनमध्ये ढग नसले तर ती जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त आपल्या अगदी जवळ आहे.

सम्राट यंत्रावरची वेळ आणि मनगटावरची वेळ यांची तुलना जरूर करावी. आपले रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पावणेसात अंश पश्चिमेला आहेत, म्हणून सुमारे २७ मिनिटांचा फरक येतो. त्यात ऋतूप्रमाणे आणखी थोडी भर-घट होते. फेब्रुवारीच्या मध्याला यंत्रावर बारा वाजतात तेव्हा घड्याळात १२ वाजून ४१ मिनिटे झालेली असतात, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ११. हा फरक मुलांनी वर्षभर नोंदवला तर ती वही पुढच्या तुकडीलाही उपयोगी पडेल.

पालकांनी सुटीच्या दिवशी अर्धा तास काढावा. विश्वस्त मंडळींना विनंती, की या चार फेऱ्यांच्या बसभाड्याची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात करावी. खर्च फार नाही. आपटे यांनी वेधशाळा नुसती दुरुस्त केली नाही, तर तिचा वापर पुन्हा सुरू केला. तो चालू ठेवणे आपल्या शाळेला सहज जमण्यासारखे आहे.