डोळखांबचे गुरुजी आणि ‘टच द डोअर’

आजोबागडाला जाणाऱ्यांना डोळखांब ठाऊक असतं ते देहण्याच्या वाटेवरचं गाव म्हणून. मी गेले ते गुरुजींचं इंग्रजी ऐकायला. ‘शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला बसून या,’ असं संपादकांनी सुचवलं होतं.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेल्यांना आता सहा वर्षांची पोरं शिकवायची होती. मग प्रशिक्षणं: राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला. वर भरलेला हंडा खाली पोचेस्तोवर नुसता ओला. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिलच्या ‘तेजस’नं 2016पासून नऊ जिल्ह्यांत वेगळी वाट धरली. शिक्षकांनीच गटानं भेटायचं, कृती वर्गात करून पाहायची, काय फसलं ते पुढच्या भेटीत सांगायचं.

डोळखांबची बैठक चालवणाऱ्या सुलभक बाई जिल्हा परिषदेच्याच शिक्षिका. ‘टच द डोअर,’ म्हणाल्या आणि दाराला हात लावून आल्या. एका गुरुजींनी सवयीनं लगेच मराठी अर्थ सांगितला. “सर, अर्थ नको. करून दाखवा, पोरं बघतील.” ठाकर-कातकरी पोरांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठीही त्यांना शाळेतच भेटते. इंग्रजीचा उलगडा त्या मराठीत करायचा, तर पोरानं आधी काय शिकायचं?

मग शिप आणि शीप. फळ्यावर जहाज नि मेंढी, बाई म्हणतील त्यावर बोट ठेवायचं. आपण बोलताना इकार लांबवला काय, आखडला काय, सहसा काही अडत नाही. त्यामुळे जुन्याजाणत्या गुरुजींची बोटं मेंढीवरून जहाजावर भटकत राहिली. सगळे खदखदून हसले. अशी हसरी सरकारी बैठक मी तरी पाहिली नव्हती.

चहाला मात्र सूर बदलला. दोनशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-तीन इयत्ता. एक गुरुजी बैठकीला गेले की दुसऱ्यानं इंग्रजी शिकवायचं की पोरं सांभाळायची? वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती. पोरं आज्ञा ऐकून हलायला लागतात तोवर दिवाळी होते आणि कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडाला परततात. जूनमध्ये पुन्हा ‘स्टँड अप’पासून. तेवढ्यात गुरुजींचीच बदली झालेली असते.

एका सरांची अडचण साधी होती. आकारिक मूल्यमापनात तोंडी कामाला रकाना आहे, पण आईबाप वही उघडून बघतात. तिकडे इंग्रजी माध्यमाच्या पोरांची वही भरलेली. “आमच्या पोरानं दाराला हात लावला, हे पालकांना दाखवू कसं?”

बाई म्हणाल्या, “बोलवा त्यांना वर्गात.” सर म्हणाले, “मजुरी बुडवून?”