गाडी कमी फिरली तरी ब्रेकचा होज म्हातारा होतो. ऊस हंगामात निघण्याआधी बघून घ्या

शिरूर/दौंड : ऊसतोडी सुरू झाल्या की शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. अंधारात मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली एकदम पुढ्यात येते आणि पाय ब्रेकवर पडतो. गाडीत घरची माणसं असतात. अशा वेळी सगळी भिस्त असते ती चाकामागच्या हातभर रबरी पाइपवर. त्यालाच मेकॅनिक ब्रेकचा होज म्हणतात. बॉनेट उघडून ऑइल-पाणी बघणारे पुष्कळ, पण हा होज बघणारे थोडेच.

होजचं काम काय?

पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल लोखंडी पाइपातून चाकाकडे जातं. पण चाक वळतं, खड्ड्यात खाली-वर होतं. तिथे लोखंडी पाइप टिकणार नाही, म्हणून शेवटचा तुकडा लवचिक रबराचा असतो. जोरात ब्रेक मारल्यावर त्याच्या आत टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब येतो. त्यामुळे फुटलेल्या होजला ट्यूबची पट्टी गुंडाळणे किंवा एम-सील लावणे हा इलाज नाही.

किलोमीटर नको, वर्षं मोजा

दोन्ही तालुक्यांत अजून मारुती 800, ओम्नी, जुन्या जीप फिरताना दिसतात. 800 चं उत्पादन 2014 मध्ये बंद झालं, ओम्नीचं 2019 मध्ये. म्हणजे शेवटची 800 धरली तरी ती आता दहा वर्षांपुढची आहे. "गाडी तर उभीच असते, होज कशाला बदलायचा?" असं बरेच जण म्हणतात. पण रबर उन्हाने, धुळीने आणि वयानेही कडक होतं. गोठ्याशेजारी उभ्या गाडीचे होज उंदीरही कुरतडतात. 15 वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. पण कागद नवा झाला म्हणून होज नवा होत नाही.

घरी कसं तपासाल?

1. गाडी सपाट, कडक जागेवर घ्या, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. पक्का स्टँड लावा.
2. होज कापडाने पुसा आणि बॅटरीच्या उजेडात हलका वाकवून बघा. भेगा, सोललेलं रबर, आतले धागे दिसले तर होज बाद.
3. टोकाच्या जोडाशी ओल किंवा चिकट धूळ दिसली, तर तिथून ऑइल गळतंय असं समजा.
4. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलला, एकाने पेडल जोरात दाबावं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून होज बघावा. फुग्यासारखा फुगत असेल तर गाडी बाहेर काढू नका.
5. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. होज टायरला घासता कामा नये, ताणलाही जाता कामा नये.

एक खोड बाहेरून दिसत नाही. होज आतून सुजला की पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जातं, पण पाय काढल्यावर लवकर परतत नाही. मग ब्रेक धरून राहतो. थोडं अंतर चालवल्यावर एकच चाक जास्त तापलं किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर कॅलिपरसोबत होजही तपासायला सांगा.

बदलताना काय बघायचं?

काम ब्रेकच्या जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. पुढचे दोन्ही होज एकदमच बदला. भंगारातून काढलेला होज नको. त्याच मॉडेलचा नवा घ्या. जिथे तांब्याचे वायसर आहेत तिथे नवे टाका. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू देऊ नका. होज बसवताना पीळ पडता कामा नये, क्लिप जागेवर बसलीच पाहिजे. नंतर सगळी हवा काढून घ्या. हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं लागतं.

टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, सीलबंद ब्रेक ऑइल वापरा. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून कधीची उघडी बाटली चालत नाही. इंजिन ऑइल तर चुकूनही टाकू नका. त्याने आतले रबर फुगतात आणि सगळेच ब्रेक जातात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

काम झाल्यावर पेडल दाबून गळती बघा. मग मोकळ्या मैदानात हळू वेगात ब्रेक मारून बघा, त्यानंतरच रस्त्यावर या.

वाटेत पेडल खाली गेलं तर?

घाबरून गाडी बंद करू नका. पेडल भराभर दाबा-सोडा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक तारेवर चालतो, म्हणून होज फुटला तरी तो लागतो. पण म्हणूनच "हँडब्रेक लागतोय, म्हणजे ब्रेक चांगले" असं धरून चालू नका. थांबल्यावर गाडी तशीच पुढे रेटू नका, टोचन करून गॅरेजला न्या.

तपासायला अर्धा तास लागतो. पोराबाळांना गाडीत बसवण्याआधी तेवढा काढाच.