आजोबांची पत्रं लॅमिनेट करताय? आधी हे वाचा!

कांजूरमार्गमध्ये एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली येते. आत काय असतं? आंतर्देशीय पत्रं, पोस्टकार्डं, आजोबांचं नेमणूकपत्र, भाड्याच्या पावत्या, एखादी तार. तारसेवा २०१३ मध्येच बंद झाली, म्हणजे तसा कागद आता पुन्हा मिळणार नाही. घाईत यातलं बरंचसं रद्दीत जातं. उरलेलं कुणीतरी प्रेमाने लॅमिनेट करून आणतं आणि तिथेच नुकसान होतं.

लॅमिनेशनमध्ये चूक काय?

उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं. ते काढायला गेलं तर अक्षरंही निघून येतात. सेलोटेपचं तेच. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना गंजतात आणि कागदाला भोकं पडतात.

मुंबईत कागद लवकर का खराब होतात?

कारण आहे दमट हवा. आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कसर आणि वाळवीलाही ओल मानवते.

मग जपायचं कसं?

• पिना आणि रबरबँड काढा. पत्रं उलगडून सपाट ठेवा.
• धुतलेल्या सुती कापडात बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा बाथरूमजवळ नको. जुन्या दप्तरांतल्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात, ते याच कापडामुळे.
• सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला.
• पावसाळा संपला की सावलीत हवा द्या. उन्हात शाई उडते.

कागद भिजले तर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, अनेक घरांत पाणी शिरलं. अशा वेळी इस्त्री फिरवू नका, चिकटलेली पानं ओढू नका. टिपकागदावर पसरून पंख्याखाली वाळवा. गठ्ठा मोठा असेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशीची वाढ थांबते आणि नंतर थोडे थोडे कागद काढून वाळवता येतात.

फोटो काढले की झालं?

फोटो जरूर काढा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं पुसट होतात. दोन ठिकाणी प्रती ठेवा. मूळ कागद मात्र टाकू नका. घराच्या हक्काचा प्रश्न आला की जुनी पावतीच दाखवावी लागते.

मोडी लिपीतला कागद वाचता येत नाही म्हणूनही फेकू नका. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून घराघरांतली दप्तरं धुंडाळली. त्यातूनच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे राहिले. पहिला खंड १८९८ चा.

आणि एक काम आजच करा. घरातल्या थोरांना पत्रातली नावं कोणाची ते विचारा आणि पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ठेवा. कागद टिकला, पण ‘चि. बाळ’ म्हणजे कोण हे सांगणारं कुणी उरलं नाही, तर अर्धं पत्र हरवल्यासारखंच आहे.