नणंदा-भावजयीचा मोटारप्रवास

नणंद-भावजय हे नाते आपल्याकडे ओव्यांपासून थट्टेपर्यंत सर्वत्र भेटते. बहुधा कुरबुरीच्याच निमित्ताने. दोन थोरल्या नणंदांनी तब्बल ५९ दिवस आपला जीव भावजयीच्या हाती सोपविल्याचे उदाहरण मात्र विरळाच. ते घडले १९०९ साली, अमेरिकेत.

न्यू जर्सी राज्यातील हॅकन्सॅक येथील ॲलिस रॅम्से तेव्हा २२ वर्षांची होती. पती जॉन रॅम्से वयाने बरेच मोठे, पेशाने वकील. आदल्या वर्षी वेगाने जाणाऱ्या मोटारीमुळे ॲलिसचा घोडा बुजला. त्यापेक्षा मोटारच बरी, असा विचार करून पतीने तिला मोटार घेऊन दिली; स्वतः मात्र ते मोटार चालवीत नसत. थोड्याच अवधीत ॲलिसने इतकी सफाई मिळविली की, मॅक्सवेल कंपनीने तिच्यापुढे प्रस्ताव ठेवला: गाडी आमची, खर्च आमचा, आपण ती न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला न्यावी. स्त्रीला जे जमते ते कोणालाही जमेल, असे ग्राहकाला वाटावे हा त्यामागील व्यापारी हिशेब. त्यात स्त्रीविषयी आदर किती होता, हे वाचकांनीच ठरवावे.

घरी जेमतेम दोन वर्षांचे मूल होते. ते मागे ठेवून निघायचे, ही गोष्ट आजही कोणत्याही घरात सहज मान्य होणारी नाही. परंतु पतीने संमती दिली आणि त्यांच्या दोन बहिणी, नेटी पॉवेल व मार्गारेट ॲटवुड, सोबत निघाल्या. दोघीही चाळिशी ओलांडलेल्या, टापटिपीच्या. चौथी ॲलिसची तरुण मैत्रीण हर्माइन यान्स. चौघींपैकी मोटार चालविता येत होती ती एकट्या ॲलिसला. तिला काही झाले असते, तर उरलेल्या तिघींना चाक हाती घेणे शक्य नव्हते.

९ जून १९०९ रोजी भर पावसात न्यूयॉर्कमधून प्रस्थान झाले. पुढे सुमारे ३,८०० मैल, म्हणजे ६,१०० किलोमीटर वाट होती आणि त्यातील पक्का रस्ता अवघा १५२ मैलांचा! पूर्वेकडे मार्गदर्शक पुस्तिका होती, पण तिचाही भरवसा नव्हता. पिवळ्या घरापाशी वळा, असे पुस्तिकेने सांगावे, तर मोटारींचा राग असलेल्या मालकाने ते घर हिरवे रंगवून ठेवलेले! मिसिसिपी नदीच्या पलीकडे तर पुस्तिकाही नव्हती. तेव्हा जास्त तारा असलेल्या खांबांच्या रांगेमागून जावयाचे. तारा जास्त म्हणजे पुढे गाव असणार, हा अंदाज.

इंजिन तापले आणि पाणी आणावयास भांडे नाही, असाही प्रसंग आला. तेव्हा नणंदांनी आपल्या प्रसाधनपेटीतील चांदीच्या झाकणांची नक्षीदार काचपात्रे काढली आणि रस्त्याकडेच्या चरातून पाणी आणून गाडीला पाजले. थेंबाथेंबाने गाडी भरेपर्यंत किती फेऱ्या झाल्या असतील! नाजूक वस्तू बाळगणारी माणसे अडचणीत कुचकामी ठरतात, हा समज इथे तरी खोटा ठरला.

आयोवा राज्यात पावसाने चिखल केला. एका ओढ्याला पूर आला, तेव्हा पाणी ओसरेपर्यंत चौघींनी गाडीतच रात्र काढली. सुमारे ३६० मैलांचे ते राज्य ओलांडण्यास १३ दिवस लागले. वायोमिंगमध्ये नदीवरचा पूल वाहून गेलेला. मग परवानगी काढून रेल्वेच्या पुलावरून, एकेका स्लीपरवर आदळत गाडी पलीकडे नेली. ढेकणांनी भरलेले हॉटेल, खुन्याच्या शोधात फिरणारी सशस्त्र माणसे, हेही वाट्याला आले. प्रवासात ११ टायर बदलावे लागले. मोडलेला ब्रेकचा पायदांडाही ॲलिसनेच दुरुस्त केला.

७ ऑगस्टला गाडी सॅन फ्रान्सिस्कोत पोहोचली. दिवसाची सरासरी १०० किलोमीटरहून थोडी अधिक पडते. अमेरिका खंड मोटारीने ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून ॲलिसचे नाव झाले. नेटी आणि मार्गारेट यांची नावे तिच्या नावाच्या आधाराने उरली.

परतीचा प्रवास रेल्वेने झाला. घरी मूल वाट पाहत होते. पुढे ॲलिसने हाच खंड मोटारीने ३० हून अधिक वेळा ओलांडला आणि १९६१ साली त्या पहिल्या प्रवासाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. १९८३ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, तिचे निधन झाले.