सोळावा अंक

नव्या डेबिट कार्डाचा सोळा आकडी नंबर पेमेंट ॲपमध्ये टाकताना 27 च्या जागी चुकून 72 पडले, तर बहुतेक ॲप तिथल्या तिथे ‘नंबर चुकीचा’ म्हणून सांगतात. बँकेला अजून काहीच विचारलेलं नसतं! चूक पकडतो तो शेवटचा, सोळावा अंक. सुरुवातीचे अंक कार्ड कोणत्या बँकेचं ते सांगतात, मधले खातेदाराचे. हा एकटा बाकीच्या पंधरांच्या हिशेबातून निघतो.

हिशेब पाठकोऱ्या कागदावर होतो. 271 घ्या. उजवीकडून एकाआड एक अंक दुप्पट करायचा: 1 चे 2, 7 तसाच, 2 चे 4. बेरीज 13. दहाने भाग जाईल असे वीस व्हायला 7 हवेत, म्हणून तपासणीचा अंक 7 आणि पूर्ण नंबर 2717. आता आकडे उलटे पडून 7217 झाले असं धरा. पहिल्या 7 चे 14 होतात, त्यातले 1 आणि 4 मिळून 5, एकूण 16. दहाने भाग जात नाही, चोरी पकडली! एखादाच अंक चुकला तर तो हमखास सापडतो. शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी सापडतात, फक्त 0 आणि 9 ची जोडी निसटते. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी 1954 साली या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोही हातात मावणाऱ्या यांत्रिक उपकरणासाठी.

इतका जपलेला हा नंबर दुकानदाराकडे मात्र राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2022 पासून ऑनलाइन दुकानांना तो साठवता येत नाही. कार्ड ‘सेव्ह’ केलं की त्याच्या जागी टोकन, म्हणजे बदली नंबर ठेवला जातो. एका दुकानातलं टोकन चोरून दुसरीकडे चालत नाही.

यूपीआयची गंमत आणखी वेगळी. कार्डावरून पिन ठरवताना त्याचे शेवटचे सहा अंक, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी लागतो. त्यानंतर कार्डाचं काम संपलं. भाजीवाल्याला दिलेले पैसे थेट खात्यातून खात्यात जातात. म्हणून केवळ यूपीआयसाठी वार्षिक शुल्काचं प्लॅटिनम कार्ड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बँकेचं साधं रुपे कार्ड पुरतं. एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन वेगवेगळे ठेवा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही; कुणी मागितला तर तो लुबाडायलाच बसला आहे.

ऑक्टोबर 2020 पासून नवं कार्ड हाती येतं ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालणारं. ऑनलाइन आणि परदेशी वापराची बटणं बँकेच्या ॲपमध्ये आपणच सुरू करायची असतात. परदेशातलं बटण प्रवासाला निघताना सुरू करा आणि घरी आलात की बंद करा.