कानांचा ताळेबंद

अमेरिकेत कारखान्यातील कामगारांची श्रवणशक्ती तपासणाऱ्यांस प्रमाणपत्र देणारी एक परिषद 1973 सालापासून कार्य करीत आहे. त्यासाठी सुमारे 20 तासांचे शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते आणि प्रमाणपत्राची मुदत 5 वर्षांची असते.

परीक्षार्थीने प्रथम आकडे समजून घ्यावेत. गोंगाटाची 8 तासांची सरासरी 85 डेसिबल झाली की श्रवणसंरक्षणाची व्यवस्था करणे मालकावर बंधनकारक ठरते, असा तेथील नियम आहे. 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4 आणि 100 ला 2 तास ही मर्यादा होय. दर 5 डेसिबलला अवधी निम्मा, एवढे सूत्र ध्यानी धरले म्हणजे कोष्टक पाठ करावयास नको.

तपासणीची रीत मात्र हातानेच शिकावयाची असते. सूर ऐकू आल्यास 10 डेसिबलने उतरावे, न आल्यास 5 ने चढावे. हा सराव सहाध्यायावर वारंवार करावा.

सर्वांत महत्त्वाची ती पहिली तपासणी. तीपूर्वी 14 तास कामगार कारखान्याच्या गोंगाटापासून दूर असावा. थकलेल्या कानाची आरंभीची शिल्लकच कमी लिहिली गेली, तर पुढील तोटा वहीत दिसणार कसा? हा ऱ्हास बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास, उंच सुरांपासून सुरू होतो. संभाषण समजत असल्याने कामगारास त्याची जाणीवही होत नाही. आणि गेलेले श्रवण परत येत नाही. यंत्रमाग चालविणाऱ्या आपल्या बांधवांनीही ही आरंभीची नोंद चोख ठेवावी, हे उचित होय.